न्याहाळक कुणाचा?



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर, नाटकावर, सीमाभागातल्या मराठीवर विद्वानांची व्याख्याने आपण ऐकली आहेत. मी साहित्याचा अभ्यासक नाही आणि संगणकाचा तज्ज्ञही नाही. बेळगावात अनेक वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे. त्यामुळे 'ब्राउझर कसा निवडावा' हा विषय मी कळवला, तेव्हा कार्यकारिणीतल्या काहींच्या भुवया उंचावल्या असतील. साहित्य संस्थेत हा विषय कशाला, असेही कुणाच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर आधी देतो.

आपण आज सगळ्यांत जास्त वाचतो कुठे? पूर्वी आपण वाचनालयात जात असू. देवघेवीच्या खिडकीपाशी बसणाऱ्या ग्रंथपालांना कोण काय नेतो हे ठाऊक असे. कुणी कामशास्त्रावरचे पुस्तक नेले, कुणी वेडावरच्या उपचारांचे नेले, तरी ते वहीत नोंद करीत आणि वही मिटून ठेवीत. गावात ती बातमी फिरत नसे. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने तर १९३९ च्या आपल्या आचारसंहितेतच लिहून ठेवले की, वाचकाशी आलेल्या संबंधातून जी खाजगी माहिती कळेल ती ग्रंथपालाने गुप्त राखावी. आता ती वही ब्राउझरच्या हातात गेली आहे. आपण कोणते पान उघडले, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसते. वाचकांच्या संस्थेने या नव्या ग्रंथपालाची चौकशी करायची नाही, तर कुणी करायची?

दुसरे कारण माझ्या व्यवसायातले आहे. दवाखान्यात येणारा माणूस हल्ली आपला आजार मला सांगण्याआधी फोनला सांगून आलेला असतो. पांढरे डाग, मूल न होणे, फेफरे, मुलाचे अंथरूण ओले करणे, नवऱ्याची दारू, मनात येणारे नको ते विचार. या गोष्टी पूर्वी माणूस डॉक्टरपुढेही पहिल्या भेटीत बोलत नसे. आज तो रात्री अंथरुणात पडून त्या फोनवर टाइप करतो, कारण समोर कुणी बसलेले नाही, ऐकणारे कुणी नाही असे त्याला वाटते. मग दोन दिवसांनी घरातल्या सगळ्यांच्या हातातून फिरणाऱ्या त्याच फोनवर पांढऱ्या डागांच्या मलमाची जाहिरात येते, आणि ती नेमकी पाहते घरातली आत्या, जी मुलीसाठी स्थळे बघते आहे. "डॉक्टर, मी कुणालाच बोलले नव्हते की हो, मग त्या फोनला कसं कळलं?" असा प्रश्न मला विचारला गेला आहे. एकत्र कुटुंबात, शेजारपाजार आणि सोयरीक यांवर चालणाऱ्या आपल्या समाजात या प्रश्नाची किंमत काय असते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

आमच्या व्यवसायाला यासंबंधी नियम आहेत. होमिओपॅथीच्या वैद्यकांसाठी १९८२ मध्ये आचारसंहितेचे विनियम झाले. त्यांच्याही फार आधी, १८१० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'ऑर्गेनॉन' या ग्रंथात हानेमान यांनी रोग्याचे बोलणे मध्येच न तोडता कसे ऐकावे आणि कसे लिहून घ्यावे हे सविस्तर सांगितले आहे. आमच्या पद्धतीत केस घेताना माणूस सगळे सांगतो: स्वप्ने, भीती, सासूशी झालेले भांडण. केसपेपरवर ते सगळे येते. तो केसपेपर औषधांच्या दुकानदाराला विकणारा डॉक्टर निघाला, तर आपण त्याला काय म्हणाल? मग तेच काम करणारे साधन आपण खिशात घेऊन फिरतो, त्याला काहीच का म्हणत नाही?

आता मूळ विषयाकडे येतो. प्रथम तीन गोष्टींची गल्लत दूर करू. पुष्कळ जण म्हणतात, "मी गूगलवर गेलो." त्यात तीन वेगळी माणसे मिसळलेली असतात. एक ब्राउझर, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांसारखे ॲप, ज्यातून आपण पाने पाहतो. दुसरे शोधयंत्र, म्हणजे आपण शब्द टाकले की पानांची यादी देणारी सेवा. तिसरे ते संकेतस्थळ, ज्याचे पान शेवटी उघडते. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर ब्राउझर ही आपली रिक्षा, शोधयंत्र म्हणजे नाक्यावर पत्ता सांगणारा माणूस आणि संकेतस्थळ म्हणजे दुकान. तिघेही वेगळे निवडता येतात. रिक्षावाला आणि पत्ता सांगणारा एकाच मालकाचे असावेत, असे काही बंधन नाही.

ब्राउझरला मराठीत 'न्याहाळक' असा एक शब्द सुचवला गेला आहे. तो फारसा रुळला नाही, पण मला आवडतो. ज्याने हा शब्द घडवला त्याच्या मनात अर्थ सरळ होता: ज्याच्यातून आपण जग न्याहाळतो तो न्याहाळक. पण व्याकरणाने पाहिले तर न्याहाळक म्हणजे न्याहाळणारा. मग न्याहाळतो कोण, आणि कुणाला? आजच्या सगळ्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे. न्याहाळक आपला आहे, की आपल्यावर ठेवलेला आहे?

हे न्याहाळणे चालते कसे, ते थोडक्यात पाहू. वेब जेव्हा सुरू झाले, तेव्हा ते विसराळू होते. आपण एक पान मागितले, ते मिळाले, संपले. पुढचे पान मागितले की संकेतस्थळाच्या दृष्टीने आपण पुन्हा अनोळखी. दुकानात पिशवीत एक वस्तू टाकली आणि दुसरी घ्यायला वळलो, तर पहिली कुणाची हे दुकानदाराला आठवू नये, तशी गत. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्तुली या अभियंत्याने त्यावर उपाय काढला. संकेतस्थळाने ब्राउझरजवळ एक लहानशी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरने ती दाखवायची. हीच कुकी. दवाखान्यात आपण रोग्याला केसपेपर नंबरचे कार्ड देतो, तसेच हे. यात वावगे काही नव्हते.

अडचण पुढे झाली. एका पानावर दुसऱ्या कंपन्यांचे तुकडे बसू लागले: जाहिरातीची चौकट, मोजणीचा कोड, 'लाइक'चे बटण. त्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची चिठ्ठी ठेवता येऊ लागली. कल्पना करा, आपण गणपत गल्लीत कापड घेतले, मारुती गल्लीत औषध घेतले, खडेबाजारात वकिलाकडे गेलो. तिन्ही ठिकाणी दाराशी एकच माणूस वही घेऊन उभा. दुकानदाराचा तो नोकर नाही, पण दुकानदाराने त्याला उभे राहू दिले आहे. प्रत्येक दुकानदाराला आपल्याबद्दल थोडेसेच कळते. वहीवाल्याला सगळे कळते. याला तृतीय पक्षाची कुकी म्हणतात.

चिठ्ठ्या अडवल्या तरी काम संपत नाही. पडद्याचा आकार, यंत्रातले फॉन्ट, वेळेचा पट्टा, ब्राउझरची आवृत्ती, भाषा अशा पन्नास बारीक गोष्टी एकत्र केल्या की बोटाच्या ठशासारखा आपला ठसा उमटतो. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने २०१० मध्ये याचा प्रयोग केला. त्यांच्या नमुन्यातले ८३.६ टक्के ब्राउझर ठशावरून एकमेवाद्वितीय ठरले. तिथे चिठ्ठीची गरजच नाही. चालीवरूनच माणूस ओळखावा तसे ते होते.

इथे आपल्या मराठीचा संबंध येतो. मला पान कोणत्या भाषेत हवे, हे ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपणहून सांगत असतो. मुंबईत मराठी मागणारे पुष्कळ. पण बेळगावात, हैदराबादेत, बडोद्यात, इंदुरात बसून जो ब्राउझर 'मराठी' म्हणतो, तो त्या गावच्या जाळ्यावर थोड्यांपैकी एक असतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून भाषा टिकवली, आणि तीच भाषा आता आपल्याला गर्दीत ओळखू येण्याची खूण झाली आहे. टॉर ब्राउझर तर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा निवडणाऱ्याला विचारतोच, की अधिक गोपनीयतेसाठी पाने इंग्रजीत मागवू का? सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, आणि ऐकायला कडू आहे. लपायचे असेल तर आपली भाषा सोडा, असा त्याचा अर्थ होतो. याचे उत्तर मी शेवटी देईन.

"माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही," असे म्हणणारे सज्जन नेहमी भेटतात. त्यांना मी विचारतो, दवाखान्यात तपासणीच्या वेळी पडदा ओढतो, तो तुम्ही चोर आहात म्हणून का? पडदा लाजेसाठी नसतो, मोकळेपणासाठी असतो. पडदा आहे म्हणून माणूस खरे बोलतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कायदा आहे हे चांगलेच आहे. पण कायदा आपल्या घराची कडी लावायला येत नाही, ती आपल्यालाच लावावी लागते.

माझ्या घरातल्या संस्कारातून मला या प्रश्नाकडे पाहायला दोन शब्द मिळाले. आमच्याकडे चोरीची व्याख्या 'न दिलेले घेणे' अशी आहे. अदत्तादान. कुलूप फोडले की नाही, वस्तू मौल्यवान होती की नाही, हा प्रश्न नाही. दिलेले नव्हते आणि घेतले, एवढे पुरे. 'सगळे मान्य' हे बटण मोठे आणि हिरवे, 'नको' हे बटण तीन पानांच्या आत दडवलेले, अशी संमती ही दिलेली संमती आहे का, याचा विचार ज्याने त्याने करावा. दुसरा शब्द परिग्रह. गरजेपुरते ठेवणे हा संसार आहे. उद्या लागेल म्हणून सगळेच साठवत जाणे हा परिग्रह. पान दाखवायला जेवढी माहिती लागते तेवढीच घेणारा ब्राउझर आणि उद्या विकता येईल म्हणून सगळे साठवणारा ब्राउझर, यांतला फरक समजायला यापेक्षा वेगळे शास्त्र लागत नाही.

आता निवड कशी करायची? नोकर किंवा भाडेकरू ठेवताना आपण जी चौकशी करतो तीच इथे करावी. माझे चार प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न, याचे पोट कशावर भरते? ब्राउझर बनवायला शेकडो अभियंते लागतात आणि आपण तर एक पैसाही देत नाही. मग पैसा येतो कुठून? दुसरा प्रश्न, मी काही न करता, बसवल्याबरोबर तो काय काय अडवतो? कारण शंभरातले बहुतेक लोक सेटिंग कधी उघडतच नाहीत. मूळ सेटिंगमध्ये जे असते तोच ब्राउझरचा खरा स्वभाव. याची किंमत कंपन्यांना चांगली कळते. आयफोनच्या सफारीत मूळचे शोधयंत्र आपले असावे यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आले. आपण बदलणार नाही, या खात्रीची ती किंमत आहे. तिसरा प्रश्न, त्याचा आतला कारभार बाहेरच्यांना तपासता येतो का? म्हणजे त्याचा कोड खुला आहे का? आणि चौथा, तो वेळच्या वेळी दुरुस्त होतो का? खाजगीपणाच्या मोठ्या गोष्टी करणारा पण सहा-सहा महिने अद्ययावत न होणारा ब्राउझर म्हणजे मोडक्या कडीचे दार.

या चार प्रश्नांवर आता नेहमीची नावे पारखू.

गूगलचा क्रोम २००८ मध्ये आला. वेगवान आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात, चौथ्या प्रश्नाला तो उत्तम उतरतो. पण मालकाच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते. तृतीय पक्षाच्या कुकीज दोन वर्षांत बंद करू, असे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. शिवाय विस्तार-ॲपचे नियम बदलल्याने 'यूब्लॉक ओरिजिन' हे जाहिराती आणि पाळत अडवणारे नामांकित साधन क्रोममध्ये पूर्वीसारखे चालेनासे झाले; त्याची हलकी आवृत्ती तेवढी चालते.

क्रोमच्या 'इन्कॉग्निटो' खिडकीबद्दलही एक गैरसमज आहे. ती खिडकी बंद केली की आपल्या यंत्रावरचा इतिहास पुसला जातो, एवढेच. घरातल्या माणसापासून ते लपते. संकेतस्थळापासून, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून लपत नाही. याच मुद्द्यावर २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि २०२४ मधल्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

ॲपलचा सफारी २००३ चा. माग काढणे अडवण्याची सोय त्याने २०१७ मध्ये आणली आणि मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकीज पूर्ण बंद केल्या. ॲपलचे पोट मुख्यतः यंत्रे विकून भरते. आयफोन असेल त्याने सफारी वापरायला हरकत नाही. आपल्याकडे आयफोनवरचे इतर ब्राउझरही आतून ॲपलच्याच इंजिनावर चालतात. शोधयंत्र मात्र बदलून घ्यावे.

फायरफॉक्स मोझिला या संस्थेचा. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. मोझिलाच्या मागे ना-नफा प्रतिष्ठान आहे, कोड खुला आहे. जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाची चिठ्ठी वेगळ्या बरणीत ठेवण्याची पद्धत त्याने सर्वांना लागू केली, म्हणजे वहीवाल्याला एका गल्लीतली नोंद दुसऱ्या गल्लीतल्या नोंदीला जोडता येत नाही. यूब्लॉक ओरिजिन त्यावर पूर्ण ताकदीने चालते, अँड्रॉइड फोनवरही. आणि त्याचे मेनू मराठीत मिळतात. तरीही पहिला प्रश्न त्यालाही विचारला पाहिजे: मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगललाच मूळ शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये वापराच्या अटी बदलल्या, तेव्हा लोकांनी ओरड केली आणि शब्दरचना सुधारावी लागली.

ब्रेव्ह हा क्रोमच्याच खुल्या पायावर बांधलेला. बसवल्याबरोबर जाहिराती आणि माग काढणारे कोड अडवतो, आणि ठसा घेणाऱ्याला मुद्दाम थोडा थोडा वेगळा ठसा देतो. दुसऱ्या प्रश्नात तो पहिला नंबर घेतो. पण २०२० मध्ये काही आभासी चलनांच्या बाजाराचे पत्ते टाइप करताना तो आपल्या दलालीचा सांकेतिक शब्द जोडत असल्याचे उघड झाले. तेव्हा प्रमुखांनी क्षमा मागितली आणि ते बंद केले. डकडकगोच्या फोनवरच्या ब्राउझरचीही अशीच गोष्ट: २०२२ मध्ये एका करारामुळे मायक्रोसॉफ्टचे काही कोड तो अडवत नसल्याचे बाहेर आले, आणि टीकेनंतर ऑगस्टमध्ये त्याने ते अडवायला सुरुवात केली. मी या गोष्टी कुणाला नाउमेद करायला सांगत नाही. निर्दोष कुणी नाही. फरक हा, की खुल्या कारभारात दोष पकडला जातो आणि पकडला गेल्यावर दुरुस्त होतो.

टॉर ब्राउझर हा सगळ्यांत कडक. आपली मागणी तीन थांब्यांवरून फिरवून नेतो आणि सगळ्या वापरकर्त्यांना शक्य तितके एकसारखे दाखवतो, शाळेच्या गणवेशासारखे. पत्रकाराला, जिवाला धोका असलेल्या माणसाला तो हवा. रोजच्या वापराला संथ आहे, आणि बँकेसाठी तो वापरू नये, खाते अडकायचे.

उलट टोकाचे उदाहरण आपल्या देशातलेच. यूसी ब्राउझर एकेकाळी आपल्याकडे स्वस्त फोनवर फार चालत असे. टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने २०१५ मध्ये दाखवले की, त्याच्या काही आवृत्त्यांतून लोकांनी शोधलेले शब्द आणि फोनची ओळख पटवणारे तपशील उघड्यावर किंवा अगदी कच्च्या कुलपात जात होते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत तो होता. त्या आधीच्या वर्षांत किती आयाबहिणींनी आपली दुखणी त्यात टाइप केली असतील, या विचाराने आजही अस्वस्थ वाटते. पान लवकर उघडते, एवढ्यावर निवड केली की असे होते.

तर मग करायचे काय? मी दवाखान्यात सांगतो तसे थोडक्यात सांगतो.

संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स घ्या, सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात 'स्ट्रिक्ट' हा पर्याय निवडा आणि यूब्लॉक ओरिजिन बसवा. ज्यांना एवढीही खटपट नको, त्यांनी ब्रेव्ह बसवावा आणि मोकळे व्हावे. आयफोनवाल्यांनी सफारीतच राहावे. कोणताही घ्या, पण फोनच्या सेटिंगमध्ये तो 'डीफॉल्ट' म्हणून नेमून ठेवा, नाहीतर प्रत्येक दुवा जुन्याच ब्राउझरमध्ये उघडत राहतो. शोधयंत्र बदला, ब्राउझर कितीही चांगला असला तरी टाकलेले शब्द शोधयंत्राला कळतातच. आजाराचे शब्द तरी, आपला इतिहास न साठवणाऱ्या डकडकगोसारख्या ठिकाणी टाका आणि त्या वेळी गूगलच्या खात्यात शिरलेले राहू नका. एखादे सरकारी किंवा बँकेचे पान कडक ब्राउझरमध्ये नीट उघडत नाही, असे होते. तेवढ्यासाठी क्रोम ठेवा आणि तेवढ्यासाठीच वापरा. माझ्या फोनवर असेच दोन आहेत. देवघरातली भांडी आणि स्वयंपाकघरातली भांडी आपण वेगळी ठेवतोच.

विस्तार-ॲपचा हव्यास नको. त्यांतली पुष्कळशी आपण पाहिलेले प्रत्येक पान वाचू शकतात. पाळत टाळायला दहा अनोळखी माणसे घरात घेऊ नयेत. फेसबुक, इन्स्टाग्राममधला दुवा दाबला की तो त्या ॲपच्या पोटातल्याच खिडकीत उघडतो, तिथे आपला ब्राउझर कामाला येत नाही. 'ब्राउझरमध्ये उघडा' हा पर्याय शोधावा. आणि घरात एकच फोन चार जण वापरत असतील तर आजाराची चौकशी करून झाल्यावर इतिहास पुसावा. एवढे केल्यावर सगळे संपले असे मानू नका. ब्राउझर बदलला म्हणून इंटरनेट कंपनीपासून आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे लपत नाही, आणि जिथे आपण नाव-पासवर्ड देऊन शिरलो तिथे तर आपण ओळखूनच गेलेलो असतो. औषधाची मर्यादा सांगितलेली बरी.

आता मराठीबद्दलचे राहिलेले उत्तर. गर्दीत मिसळण्यासाठी आपण पाने इंग्रजीत मागवावीत का? जिवाची जोखीम असेल तर जरूर मागवावीत. पण आपण बाकीच्यांनी असे करू नये, असे माझे मत आहे. गर्दी ही आपोआप होत नाही, ती माणसांनी होते. या सभागृहातले, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवा इथले आपले लोक जितके जास्त मराठी पाने मागतील, तितकी मराठी ही खूण कमी उठून दिसेल. शिवाय मराठी मागणारे दिसलेच नाहीत, तर मराठीत पान, मेनू, सेवा कुणी कशाला ठेवील? भाषा लपवून खाजगीपणा मिळवण्यापेक्षा ठसा पुसणारा ब्राउझर घेऊन भाषा चालू ठेवावी. घरात मोठ्याने मराठी बोलायचे आणि खिडकीला पडदाही लावायचा, या दोन्ही गोष्टी एकाच घरात होऊ शकतात.

संस्थेला माझी एक विनंती आहे. आपल्या वाचनालयात वाचकांसाठी जे संगणक असतील, त्यांवर असा ब्राउझर बसवावा, खिडकी बंद होताच इतिहास पुसला जाईल अशी व्यवस्था करावी, आणि वर मराठीत दोन ओळींची पाटी लावावी. ज्येष्ठ सभासदांच्या फोनवर तो बसवून द्यायला महाविद्यालयातली दोन मुले रविवारी एक तास बसली, तरी महिन्याभरात सगळ्यांचे काम होईल. मुलांना एकच सूचना द्यावी: आजी-आजोबांच्या फोनवर काय काय उघडलेले दिसले, ते कुणाला सांगायचे नाही.